सहा सेंटिमीटरांतला मुलूख

इसवी सन १९०१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने आपल्या 'ब्राउनी क्रमांक २' या पुठ्ठ्याच्या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी कागदी पाठीचा जो रोल बाजारात आणला आणि कंपनीच्या यादीत ज्याला पुढे १२० हा क्रमांक मिळाला, तो आज सव्वाशे वर्षांनंतरही विकत मिळतो; त्याच्या आगेमागे निघालेले ११६, ६१६, ६२० असे कितीतरी क्रमांक मात्र केव्हाच दप्तरी दाखल झाले. सुमारे एकसष्ट मिलिमीटर रुंदीची ही पट्टी. तिच्या पाठीशी काळा कागद, त्या कागदावर चित्रांचे अनुक्रमांक छापलेले, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा तांबड्या खिडकीतून ते अंक पाहत पाहत रोल पुढे सरकवावयाचा, असा जुना शिरस्ता. पट्टीची रुंदी ठरलेली असली तरी तिच्यावर चित्र किती लांबीचे घ्यावे याची मुभा कॅमेरा बनविणाऱ्यास होती, आणि म्हणून त्याच एका रोलवर सहा बाय साडेचारची पंधरा-सोळा, सहा बाय सहाची बारा, सहा बाय सातची दहा, सहा बाय नऊची आठ, किंवा सहा बाय सतराची अवघी चार चित्रे घेणारे नाना तऱ्हेचे कॅमेरे निघाले. पस्तीस मिलिमीटरच्या सिनेमा-फिल्मवर चालणारे छोटे कॅमेरे एका अंगास आणि काळ्या कापडाखाली डोके घालून एकेक सुटी फिल्म भरावयाचे अवजड कॅमेरे दुसऱ्या अंगास, या दोहोंच्या दरम्यानचा हा वर्ग. म्हणून त्यास मीडियम फॉरमॅट असे नाव पडले.

डोंगर, पाणी, वृक्ष आणि आकाश यांची चित्रे घेणाऱ्यांनी या मध्यम वर्गास विशेष जवळ केले, त्याचे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. छोट्या कॅमेऱ्याचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर क्षेत्राचे. सहा बाय सहा म्हणविणारे चित्र प्रत्यक्षात ५६ बाय ५६, म्हणजे ३,१३६ चौरस मिलिमीटरांचे, साडेतीन पटींहून मोठे. भिंतीवर लावण्याजोगा चाळीस सेंटिमीटर उंचीचा प्रिंट करावयाचा तर पहिल्यास जवळजवळ सतरा पट वाढवावे लागते, दुसऱ्याचे सात पटींवर भागते. फिल्ममधील रुप्याचे कण, लेन्सचे बारीकसारीक दोष, शटर दाबताना आलेला हाताचा कंप, हे सारे त्याच प्रमाणात वाढते. आणि ते जिथे कमी वाढते, तिथे ओल्या कातळावरील शेवाळाचा पोत, दूरच्या कड्यावर चिकटलेल्या झुडपांची पाने आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ढगाच्या शुभ्रतेतील सूक्ष्म छटा शाबूत राहतात.

या लाभाची किंमतही रोख मोजावी लागते. छोट्या कॅमेऱ्यात जेवढे दृश्य पन्नास मिलिमीटरची लेन्स सामावते, जवळजवळ तेवढ्यासाठी येथे ऐंशीची लागते, आणि लेन्स लांब झाली की पायाजवळचे फूल व क्षितिजावरचा डोंगर एकाच वेळी स्पष्ट आणणे दुरापास्त होते. मग छिद्र एफ १६ किंवा २२ पर्यंत मिटवावयाचे, प्रकाश कमी पडला म्हणून शटर अधिक वेळ उघडे ठेवावयाचे, त्यासाठी तिवई रोवावयाची, आणि एवढे सगळे जुळल्यावर वाऱ्याने फुले डोलू लागली तर ती थांबेपर्यंत स्वस्थ बसावयाचे. रोलमध्ये बाराच चित्रे असल्यामुळे उधळेपणाला वावही नसतो.

या कॅमेऱ्यांच्या एका जुन्या खुबीचा उल्लेख येथेच केला पाहिजे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्याने १९२९ साली काढलेल्या रोलायफ्लेक्समध्ये एकीखाली एक अशा दोन लेन्स होत्या. खालची चित्र घेणारी आणि वरची केवळ पाहण्यासाठी, आणि वरच्या लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून परावर्तित होऊन कॅमेऱ्याच्या माथ्यावरील दुधी काचेवर उमटे. छोट्या कॅमेऱ्याच्या खिडकीस एका माणसाचा एकच डोळा लागतो; येथे कॅमेरा कमरेशी धरून मान खाली घालून पाहावयाचे असल्यामुळे शेजारच्यासही पाहता येते. माळावर असा कॅमेरा तिवईवर लावला की आधी लांबून न्याहाळणारा गुराखी हळूच जवळ येतो, टोपी मागे सारून त्या चौकोनी विहिरीत डोकावतो, आणि आपलीच म्हैस उजवीकडून डावीकडे जाताना काचेत मात्र डावीकडून उजवीकडे चाललेली पाहून एकदा तिच्याकडे आणि एकदा काचेकडे आळीपाळीने बघत राहतो. निसर्गचित्र दुसऱ्यास दाखविण्याचा व्यवहार या कॅमेऱ्यात असा चित्र घेण्यापूर्वीच सुरू होतो, आणि पुढे प्रिंट, पुस्तक, टपाल किंवा पडदा यांच्या वाटेने तो जितका लांबतो, तितके निगेटिव्हमध्ये असणारे आणि पाहणाऱ्यापर्यंत पोचणारे यांतील अंतर वाढत जाते. प्रस्तुत लेखकास या अंतराविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

स्वीडनमधील योटेबोरी येथील व्हिक्टर हासेलब्लाड हा गृहस्थ मूळचा पक्षिवेडा. त्याच्या घराण्याची पेढी कोडॅकचा माल आयात करी, आणि स्वतः तो पाणथळीत बसून स्थलांतरी पक्ष्यांची चित्रे घेई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडिश हवाई दलाच्या हाती एक जर्मन कॅमेरा लागला. तसाच बनवून देता येईल काय, अशी पृच्छा त्याच्याकडे झाली, आणि त्याने ते काम अंगावर घेतले. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, न्यूयॉर्क येथे त्याने नागरी उपयोगाचा जो चौरस चित्रांचा कॅमेरा मांडला, त्यात फिल्म ठेवण्याची पेटी, म्हणजे मॅगझिन, कॅमेऱ्यापासून सुटे करता येत असे: फिल्मपुढे एक पातळ धातूची पत्री सरकवावयाची, मॅगझिन काढावयाचे, दुसरे लावावयाचे, पत्री ओढून घ्यावयाची. रोल अर्धाच झाला असला तरी कृष्णधवलातून रंगीत फिल्मवर जाता येते, ही त्यातली खरी सोय.

या सोयीवाचून विसाव्या शतकातील बहुधा सर्वाधिक पाहिले गेलेले निसर्गचित्र आज आहे त्या रूपात आपल्यापुढे आले नसते. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ हे यान चंद्राला प्रदक्षिणा घालीत असताना चंद्राच्या कडेआडून पृथ्वी वर येताना दिसली, तेव्हा विल्यम अँडर्स यांच्या हातातील हासेलब्लाडला कृष्णधवल फिल्मचे मॅगझिन लावलेले होते. त्यांनी एक चित्र तसेच घेतले आणि लगेच सहप्रवासी जिम लव्हेल यांच्याकडे रंगीत मॅगझिनचा तगादा लावला. ते सापडेपर्यंतच्या घाईगर्दीचे बोलणे यानातील ध्वनिमुद्रणात नमूद आहे. मॅगझिन बदलले गेले, अडीचशे मिलिमीटरची लेन्स रोखली गेली, आणि राखाडी, निर्जीव भूमीच्या पलीकडे निळ्यापांढऱ्या पृथ्वीचा अर्धवट प्रकाशित गोल सत्तर मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर आला. ही फिल्म १२० च्या जातीची नव्हे; पण चौकट तीच, साडेपाच सेंटिमीटरांच्या आसपासची चौरस.

यापुढची गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. अँडर्स यांच्या कल्पनेतील चित्रात चंद्राचा पृष्ठभाग उजव्या अंगास भिंतीसारखा उभा होता आणि पृथ्वी त्याच्या डावीकडे होती. प्रसिद्ध करताना ते वळविण्यात आले, चंद्रभूमी खाली आली, पृथ्वी वर गेली, आणि आपल्या रोजच्या परिचयाचा उदय त्यात दिसू लागला. १९७२ सालच्या ७ डिसेंबरला अपोलो १७ मधून घेतलेल्या संपूर्ण पृथ्वीगोलाच्या चित्राचेही तेच झाले: मूळ चौकटीत अंटार्क्टिका माथ्यावर होती, छापताना शाळेतल्या नकाशाप्रमाणे ती तळाशी नेण्यात आली. अंतराळात वर-खाली असे काही नसते, तेव्हा यास लबाडी म्हणता येणार नाही. पण चित्र घेणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्ये तिसऱ्या कोणाचा तरी हात असतो आणि तो स्वस्थ बसत नाही, याचा हा दाखला आहे. नासाच्या चित्रांवर स्वामित्वहक्काचे जोखड नव्हते, म्हणून हे उदयचित्र मासिकांत गेले, भित्तिपत्रकांवर गेले, १९६९ साली अमेरिकेच्या सहा सेंटच्या टपाल तिकिटावरही बसले. म्हणजे मूळ निगेटिव्हाहूनही लहान झाले. तरी त्याचा प्रभाव उणावला नाही, कारण त्याचा आशय छटांच्या सूक्ष्मतेवर अवलंबून नव्हता. एक काळा, एक राखाडी आणि एक निळा एवढ्यावर ते तगून राहते.

सगळीच चित्रे एवढी काटक नसतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९६० साली योसेमिटीच्या खोऱ्यातून हासेलब्लाडवरच घेतलेले 'मून अँड हाफ डोम' पाहावे. दरीतून सुमारे चौदाशे मीटर वर उठलेला ग्रॅनाइटचा सुळका, त्याच्या अंगावर उतरत्या उन्हाचे झोत, अलीकडच्या कड्याची काळीभोर सावली, आणि वर, दिवस असतानाच उगवलेला, पौर्णिमेस किंचित उणा चंद्र. मूळ निगेटिव्ह चौरस, प्रिंट उभा. बाजूचा भाग त्यांनी एन्लार्जरखालीच सोडून दिला. उन्हातील कातळ आणि सावलीतील दरी यांच्या तेजात हजार पटींचे अंतर पडू शकते, आणि छायाचित्राच्या कागदास शंभर-दोनशे पटींहून अधिक पेलत नाही. तेव्हा निगेटिव्हने जमविलेली ही प्रकाशाची दौलत कागदाच्या तुटपुंज्या ऐपतीत कशी बसवावी, हाच डार्करूममधील सारा पेच. प्रिंट करणारा एन्लार्जरच्या झोतात हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हालवून कुठे प्रकाश अडवितो, कुठे थोडा अधिक पडू देतो. अ‍ॅडम्स हे पियानोवादनाची तालीम घेतलेले गृहस्थ. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, असे ते समजावीत, आणि एकाच निगेटिव्हचे त्यांनी तरुणपणी व वार्धक्यात काढलेले प्रिंट शेजारी ठेवले तर आकाश किती गडद होत गेले आहे हे कोणासही दिसेल.

मग ते वादन वादकाच्या पश्चात दुसऱ्या कोणी करावे की नाही? या प्रश्नावर कॅलिफोर्नियातील दोन समकालीनांनी अगदी विरुद्ध निकाल दिले. अ‍ॅडम्स यांनी आपली निगेटिव्ह अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या छायाचित्र-संग्रहालयाकडे सोपविली, ती अभ्यासकांच्या उपयोगी पडावीत म्हणून. उलट, आयुष्यभर मोठे कॅमेरे वापरून उत्तरकाळात रोलायच्या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याकडे वळलेला ब्रेट वेस्टन याने १९९१ साली, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, मित्रमंडळींच्या देखत आपली निगेटिव्ह घरच्या शेगडीत घातली. माझ्या चित्राचा प्रिंट माझ्याच हातचा, दुसऱ्याच्या हाताचा त्यास स्पर्श नको, हे त्याचे म्हणणे. त्याचा हट्ट समजू शकतो. मान्य मात्र करवत नाही. जी वाळू आणि जे बर्फ त्याने टिपले, ते पुन्हा त्याच आकारात पडणार नव्हते.

प्रिंट भिंतीवर जाण्यापूर्वी दाखविण्याचा एक खासगी टप्पा असतो, तो कॉन्टॅक्ट शीटचा. आठ बाय दहा इंचांच्या कागदावर तीन-तीन चित्रांच्या चार पट्ट्या अंथरून, वरून काच दाबून, न वाढविता जसाच्या तसा छाप घ्यावयाचा. मग बारा चौकोन एका दृष्टिक्षेपात येतात आणि भिंगाखाली एकेक तपासून पसंत पडलेल्याभोवती तांबड्या मेणपेन्सिलीची रेघ ओढली जाते. एकाच ओढ्यापुढे तासभर उभे राहून माणसाने काय काय नाकारले, हे या कागदावर लख्ख दिसते. कित्येक नामांकित छायाचित्रकार म्हणूनच तो कोणास दाखवीत नाहीत. आणि शिकणाऱ्यास तर तोच आधी पाहावयास मिळाला पाहिजे.

सार्वजनिक प्रदर्शनाची परंपरा आपल्याकडेही थोडीथोडकी नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली, म्हणजे छायाचित्रणकला पंधरा वर्षांचीही झाली होती न झाली तोच, स्थापन झाली, आणि तिच्या आश्रयाने १८५६ पासून निघालेल्या एका मासिक संग्रहात खरेखुरे प्रिंट चिकटविलेले असत. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपाली मंडळांची वहिवाट पडली: प्रिंटांची एक पेटी सभासदांमध्ये फिरत राहावयाची, ज्याच्या दारी ती येईल त्याने इतरांची चित्रे पाहून सोबतच्या कागदावर अभिप्राय लिहावयाचा, आपले जुने चित्र व त्याच्यावरील टीका काढून घ्यावयाची, नवे ठेवावयाचे आणि पेटी पुढे रवाना करावयाची. पाहणारा चित्र हातात धरी, खिडकीपाशी नेई, आणि त्याला स्वतःच्या सहीनिशी काहीतरी लिहावे लागे, म्हणून तो नीट पाही. रंगीत पारदर्शिकांचा काळ आला तेव्हा मासिके आणि दिनदर्शिका छापणारे सहा बाय सहा किंवा त्याहून मोठ्या पारदर्शिकेचाच आग्रह धरीत. प्रकाशाच्या पेटीवर ठेवलेली तळहाताएवढी पारदर्शिका नुसत्या डोळ्यांनी वाचता येते, हे त्याचे एक कारण, आणि छापखान्यात रंग वेगळे काढताना कमी वाढवावी लागते हे दुसरे.

आजचा पडदा मात्र याच्या अगदी उलट टोकास आहे. फुजीफिल्मचा दहा कोटींहून अधिक बिंदूंचा जो कॅमेरा २०१९ साली बाजारात आला, त्याचे चित्र ११,६४८ बाय ८,७३६ बिंदूंचे असते. (त्याचा संवेदक ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरांचा, म्हणजे जुन्या साडेचार-सहाहूनही लहान. त्यास मीडियम फॉरमॅट म्हणणे ही जरा उदार मनाची नोंद झाली.) हेच चित्र दूरध्वनीच्या पडद्यासाठी १०८० बिंदू रुंदीचे केले की साडेआठ-पावणेनऊ लाख बिंदू उरतात: शंभरातला एक भागसुद्धा पुरता नाही. शिवाय संवेदकाने प्रत्येक रंगाच्या हजारो पायऱ्या मोजलेल्या असतात, त्या सामान्य जेपीईजी धारिकेत २५६ वर येतात, आणि निरोपाबरोबर ती पाठविली की वाटेत आणखी पिळली जाते. ढगांतील ज्या छटांसाठी आठ-दहा शेर ओझे गडावर नेले, त्याच आधी जातात. यावर कोणी म्हणेल की मग एवढा खटाटोप कशास? त्यास उत्तर असे की लहान असणे आणि दरिद्री असणे या निराळ्या गोष्टी आहेत. मायकेल केन्ना हा इंग्रज छायाचित्रकार हासेलब्लाडवर रात्र रात्र शटर उघडे ठेवून बर्फातील झाडे आणि समुद्रातील खांब टिपतो, आणि त्यांचे प्रिंट मात्र जाणूनबुजून सुमारे वीस सेंटिमीटरच चौरस काढतो. पाहणाऱ्यास हातभर अंतरावर यावेच लागते, आणि आल्यावर त्या लहान चौकोनात उणे काही सापडत नाही.

केन्नाच्या आवडत्या झाडांपैकी एकाची कैफियत येथे नोंदली पाहिजे. जपानच्या होक्काइदो बेटावरील बिएई या गावाच्या चढउतारांच्या शेतांना प्रसिद्धी दिली ती शिंझो माएदा या छायाचित्रकाराने. १९७१ पासून तो तेथे येत राहिला, आणि १९८७ साली तेथल्याच एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत त्याने आपल्या चित्रांचे कायमचे दालन उघडले. तेथील एका शेतात एकाकी, किंचित कललेला पॉपलर होता; लोक त्यास तत्त्वज्ञ वृक्ष म्हणू लागले, आणि चित्रामागून चित्रे जगभर गेली. मग त्या चित्रांसारखेच चित्र घ्यावयास माणसे येऊ लागली. बटाटा, बीट आणि गहू पिकविणारा हा मुलूख. बुटांच्या तळव्यांबरोबर परक्या मातीतील कृमी व रोग शेतात येतात, म्हणून आत पाऊल टाकू नये अशा पाट्या लागल्या, आणि माणसे पाट्या ओलांडून झाडापर्यंत जात राहिली. झाड वृद्ध झाले होते हेही खरे. पण २०१६ च्या फेब्रुवारीत मालकाने ते पाडले, तेव्हा या त्रासाचा वाटा त्यात होताच. २०२५ च्या जानेवारीत त्याच गावात रस्त्याकडेचे सुमारे चाळीस बर्च वृक्षही गेले: पिकावर सावली आणि रस्त्यावर गर्दी, अशी दोन्ही कारणे देण्यात आली. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलोऱ्याच्या दिवसांत शुल्क आणि संख्येची मर्यादा घालावी लागली, ती याच जातीच्या अनुभवाने. म्हणून जाणते लोक आता दुर्मीळ ऑर्किडचे किंवा घरट्याचे चित्र प्रसिद्ध करताना तालुक्याचे नावसुद्धा सांगत नाहीत, आणि धारिकेत कॅमेऱ्याने आपण होऊन लिहिलेले अक्षांश-रेखांश पुसून टाकतात. माझ्या मते ही चोरटेपणाची नव्हे, सभ्यतेची रीत आहे.

शेवटी एक घरगुती बाब. बडोद्यास तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक ३ हा कॅमेरा एके काळी महाराष्ट्रातील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत होता, आणि तो १२० च्याच रोलवर सहा बाय सहाची बारा चित्रे घेई. महाबळेश्वरचे पॉइंट, पानशेतचा जलाशय, पंढरीच्या वाटेवरील दिवेघाट, असे बरेच काही या निगेटिव्हांत कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. स्टुडिओवाले काटकसरीने त्यांचे इवलेसे प्रिंट करून देत, आणि कुटुंबाने पाहिले ते तेवढेच. त्या कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एकच साधे भिंग, कडांना चित्र विरघळते, तेव्हा अ‍ॅडम्सची अपेक्षा धरू नये. परंतु मधला भाग बहुधा चांगला निघतो, आणि पारदर्शक वस्तूंची सोय असलेल्या साध्या सपाट स्कॅनरवर इंचाला २४०० बिंदूंनी नक्कल घेतली तरी प्रत्येक बाजूस पाच हजारांहून अधिक बिंदू मिळतात. आल्बममध्ये ठिपक्याएवढा दिसलेला डोंगर, त्यावरील पायवाट, तेव्हाची घरे, सारे मोजता येते. निगेटिव्ह कडेला धरावे, चकाकी नसलेल्या बाजूस बोट लावू नये, धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. स्टुडिओच्या पाकिटावर बहुतेक वेळा पावतीचा क्रमांक सोडून काहीच मजकूर नसतो; घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास स्थळ-काळ आठवत असेल त्याच्याकडून तो मऊ शिसपेन्सिलीने लिहून घ्यावा, मात्र निगेटिव्ह आधी पाकिटाबाहेर काढून, नाहीतर अक्षरांचे वळ फिल्मवर उठतात.